रेणूंच्या घड्या आणि अडसालीचा धीर

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या इंदापूर तालुक्यातील एका गावी मध्यंतरी एका परिचित कुटुंबाकडे मुक्कामाचा योग आला. गृहस्थ साखर कारखान्यात पॅनमन आहेत. चार एकर ऊस, दोन म्हशी, थकलेली आई आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी असा हा संसार. रात्रीची जेवणे उरकली आणि त्यांनी मनातला विषय काढला.

"दादा, तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्हीच सांगा. पोरीला कुरकुंभच्या औषध कंपनीतनं बोलावणं आलंय. घरापासून जवळ, पगारही बरा. आणि ही म्हणते, पुण्याला पाच वर्षं संशोधन करणार. कशावर, तर रेणूंच्या घड्यांवर! घड्या आम्ही लुगड्यांच्या पाहिल्या. ह्याचा उपयोग काय?"

मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, प्रथिनांसारखे कृत्रिम रेणू आपली आपण घडी कशी घालतात आणि घडी घातलेले रेणू एकमेकांत कसे जुळतात, ते बघायचंय."

मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्य बातम्या आणि अग्रलेख लिहिण्यात गेले. मला उत्तर देता आले नाही. तेवढ्यात आजींच्या इन्सुलिनची वेळ झाली. नातीने शीतकपाटाच्या दारातून कुपी काढली आणि दोन्ही तळहातांत धरून हळुवार फिरवू लागली. आजी म्हणाल्या, "हलवायची न्हाई, असं डॉक्टरीणबाई म्हणल्यात." का हलवायची नाही, हे मी विचारले तेव्हा नात हसली आणि म्हणाली, "तेच तर शिकायचंय, काका."

त्या रात्री जे उत्तर देता आले नाही, ते शोधण्याचा पुढील काही महिन्यांत मी यथाशक्ती प्रयत्न केला. हा लेख म्हणजे त्या प्रयत्नाचे फलित. त्या पित्याचा प्रश्न आज आपल्या असंख्य घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर देण्याचे दायित्व एकट्या मुलीवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.

वीस अक्षरांची वर्णमाला

प्रथिन ही एक साखळी असते. अमिनो आम्ल नावाचे छोटे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन ती तयार होते. सजीवसृष्टीने या कामी प्रामुख्याने वीस अमिनो आम्ले वापरली आहेत. उसाच्या पानातील प्रथिन असो, म्हशीच्या दुधातील असो की माणसाच्या रक्तातील असो, वर्णमाला हीच. भेद आहे तो अक्षरांच्या क्रमाचा आणि साखळीच्या लांबीचा.

परंतु केवळ क्रमाने काम भागत नाही. साखळी ताणलेल्या सुतळीसारखी राहिली तर ती निरुपयोगी ठरते. ती विशिष्ट ठिकाणी वळते, कुठे मळसूत्रासारखी फिरते, कुठे पट्ट्यांसारखी समांतर बसते, आणि अखेरीस तिला एक निश्चित आकार येतो. त्या आकारातच तिचे कार्य दडलेले असते. यालाच प्रथिनाची घडी म्हणतात. पुढे अशा अनेक घड्या एकत्र येऊन मोठी रचना उभी करतात, ती जुळणी.

ही घडी कोण घालते? अमेरिकन शास्त्रज्ञ ख्रिश्चन अनफिन्सन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या एका प्रथिनाची घडी रसायने घालून पूर्ण उलगडली. ती रसायने योग्य रीतीने काढून घेतल्यावर प्रथिनाने आपली मूळ घडी पुन्हा आपणहून घातली आणि त्याचे कार्यही परत आले. अर्थ स्पष्ट होता. घडीची आज्ञा साखळीतील अक्षरक्रमातच लिहिलेली असते. या कार्यासाठी १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आमच्या घरांत हे शास्त्र रोज घडत असते, आपले लक्ष मात्र नसते. अंडे उकडले की त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून उकडलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. विरजण लावले की वाढत्या आम्लतेने दुधातील केसीन प्रथिनांचे कण एकमेकांना धरतात आणि दही लागते. चीज करताना वापरला जाणारा विकर केसीनच्या एका प्रकाराची साखळी नेमक्या एका जागी तोडतो. तेवढ्याने कणांचे परस्परांपासून अंतर राखणारे आवरण जाते आणि सारे दूध गोठू लागते. बारामती–इंदापूरच्या दूधपट्ट्यातील शेतकऱ्याच्या रोजच्या उत्पन्नाशी रेणूंच्या जुळणीचा संबंध आहे तो असा.

आणि आजींचे इन्सुलिन? त्या रेणूत ५१ अमिनो आम्ले, दोन साखळ्यांत विभागलेली. इन्सुलिनच्या साठ्यात सामान्यतः सहा सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती गट करून राहतात. शरीरात गेल्यावर हे गट सुटतात आणि सुटा झालेला रेणू काम करतो. कुपी जोराने हलवली, तापू दिली वा गोठू दिली, तर रेणूंची घडी बिघडते. ते भलत्याच पद्धतीने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या वा तंतू होतात आणि औषधाचे औषधपण जाते. आजींचे इन्सुलिन ढगाळ होते. असे इन्सुलिन सारखे मिसळावे तर लागते, पण हलक्या हाताने. डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्यामागे एवढे शास्त्र उभे होते.

याच गटबाजीवर १९९६ साली वापरात आलेल्या एका इन्सुलिनमध्ये तोड काढली गेली. साखळीच्या शेवटाजवळची दोन शेजारी अमिनो आम्ले, प्रोलीन आणि लायसीन, यांची जागा आपसात बदलली. त्यामुळे गट लवकर सुटू लागले आणि औषध जेवणाच्या वेळेला चटकन लागू पडू लागले. केवळ दोन अक्षरांची अदलाबदल, पण रुग्णाचा दिनक्रम सुसह्य झाला.

मोरोपंतांची वाट

आता मुलीच्या विषयाकडे येऊ. निसर्गाच्या वीस अक्षरांबाहेरची, मानवनिर्मित अक्षरे घेऊन साखळी गुंफली, तर तीही घडी घालेल काय? या प्रश्नातून जे शास्त्र जन्मले, त्यातील रेणूंना १९९०च्या दशकात 'फोल्डामर' हे नाव मिळाले. घडी घालणारे कृत्रिम साखळी-रेणू, असा त्याचा साधा अर्थ. अमेरिकेत सॅम्युअल गेलमन आणि स्वित्झर्लंडमध्ये डीटर झेबाख यांच्या गटांनी दाखवून दिले की, साखळीचा कणाच थोडा बदलला, प्रत्येक दुव्यात एक कार्बन अणू अधिक घातला, तरी साखळी नेटकी मळसूत्री घडी घालते.

मला हे कळेना, तेव्हा बारामतीचाच आधार सापडला. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) वास्तव्य आणि देहावसान कऱ्हाकाठच्या या गावचे. त्यांनी रामकथा अनेक परींनी रचली. त्यांतील एक 'निरोष्ठ रामायण'. ओठ मिटल्यावाचून जी उच्चारता येत नाहीत, ती प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात वर्ज्य. म्हणजे 'राम' हे नावच घेता येत नाही, तरीही कथा रामाचीच. अक्षरांवर बंधन आले, परंतु कथेचा आकार ढळला नाही. उलट, त्या बंधनामुळे भाषेच्या अंगी काय काय सामर्थ्य आहे हे उमगले. कृत्रिम रेणूंचा अभ्यासक हेच करतो. नेहमीची अक्षरे बाजूला ठेवून नवी घेतो आणि आकार साधतो का, ते पाहतो. साधला, तर आकारामागचा नियम त्याला कळलेला असतो. दृष्टान्त दृष्टान्तापुरताच असतो हे मान्य. परंतु ज्या भूमीत अशी रचना झाली, तेथील लेकीला रेणूंच्या रचनेचे वेड लागावे, यात मला तरी विपरीत काही दिसत नाही.

यात व्यवहारही आहे. साध्या प्रथिनांची साखळी शरीरातील विकर पाहता पाहता तोडतात, म्हणूनच इन्सुलिन पोटातून घेता येत नाही, टोचून घ्यावे लागते. अनोळखी अक्षरांची साखळी त्या विकरांच्या कात्रीत सहजी सापडत नाही. आकार प्रथिनाचा आणि टिकाऊपणा त्याहून अधिक, असा रेणू हाती आला तर औषधनिर्मितीची नवी दारे उघडतात. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध अशा रेणूंचा शोध जगभर चालू आहे तो याचमुळे.

शेतातील बुरशी ते आजचे औषध

या शास्त्रात भारताचे स्थान उपऱ्याचे नाही. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. पुढे १९६३ मध्ये रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी अमिनो आम्लांची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा तयार केला. 'रामचंद्रन आलेख' या नावाने तो जगातील जीवरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिकविला जातो. आजही नव्या प्रथिनाची रचना निर्दोष आहे की नाही, हे तपासताना हा आलेख पाहिला जातो. साधने तुटपुंजी होती, बुद्धी आणि चिकाटी मात्र अफाट होती.

रामचंद्रन यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्याच विभागात १९७३ मध्ये रुजू झाले पद्मनाभन बलराम. हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी लक्ष वेधले ते एका विलक्षण अमिनो आम्लाकडे. त्याचे लघुनाम 'एब'. नेहमीच्या विसांत ते नाही. त्याच्या मध्यवर्ती कार्बनला दोन मिथाइल गट चिकटलेले असल्याने साखळीला तेथे मोकळेपणाने फिरता येत नाही आणि ती मळसूत्री घडीकडे वळते. जणू कापडाला इस्त्रीने आधीच घातलेली दुमड.

हे 'एब' निसर्गात भेटते कोठे? आमच्या शेतकऱ्याच्या ओळखीच्या ट्रायकोडर्मा बुरशीत! मर रोगापासून डाळिंब वाचावे म्हणून जी बुरशी शेणखतात मिसळून मुळाशी घालतात, त्याच वंशातील बुरशी अलामेथिसीन नावाचा वीस दुव्यांचा रेणू बनविते. त्यात एब विपुल असते. हे रेणू मळसूत्री घडी घालतात आणि असे अनेक रेणू गोलाकार जुळून पेशीच्या आवरणात छिद्र पाडतात. घडी आणि जुळणी या दोहोंचा हा निसर्गाने दिलेला वस्तुपाठ. बलराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूचा आणि त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत घडविलेल्या कित्येक छोट्या साखळ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. अमेरिकेतील स्फटिकशास्त्रज्ञ इझाबेला कार्ले यांच्या सहकार्याने त्यांच्या रचना निश्चित केल्या. त्या काळी कुणी विचारले असते की, 'बुरशीतल्या या रेणूचा उपयोग काय?', तर प्रामाणिक उत्तर एकच होते, 'आज सांगता येणार नाही.'

आज सांगता येते. मधुमेह आणि स्थूलता यांवर सेमाग्लुटाइड हे औषध सध्या जगभर गाजते आहे. मधुमेहासाठी त्याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. आपल्या आतड्यांत जेवणानंतर स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची ही सुधारित आवृत्ती. मूळ संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांतच निकामी होऊ लागते, कारण एक विकर त्याची साखळी टोकाजवळ तोडतो. औषधात नेमक्या त्या जागी निसर्गाचे अक्षर काढून 'एब' बसविले आहे. त्याच्या जोडीला एक स्निग्धाम्लाची शेपटी लावली. परिणामी औषध आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. भारतात २०२५ मध्ये आलेल्या टिर्झेपॅटाइडमध्येही एब दोन जागी आहे. हे औषध बलराम यांनी शोधले असा अर्थ कुणी काढू नये. ते शोधले डेन्मार्क आणि अमेरिकेच्या कंपन्यांनी. परंतु एब साखळीला कसे वळवते, याविषयीचे जे ज्ञान जगाने साठविले, त्यात भारतीय प्रयोगशाळांचा वाटा ठसठशीत आहे.

आणि येथेच आपण अंतर्मुख व्हावे. बुरशी आमच्या शेतात, मधुमेही आमच्या घरात, रेणूच्या वळणाचे ज्ञान आमच्या शास्त्रज्ञाच्या वहीत. औषध मात्र परदेशी आणि त्याची किंमत मोजताना मध्यमवर्गाची दमछाक. ज्ञान आणि निर्मिती यांच्यामधला पूल आपण बांधला नाही. रामचंद्रन यांचे नाव घेऊन छाती फुगविणे सोपे आहे. मात्र पूर्वसुरींचा अभिमान हे एक ऋण असते आणि ते पुढच्या पिढीच्या कर्तृत्वानेच फिटते.

पाषाणमधील प्रयोगशाळा

बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. तेथे पाषाण परिसरात १९५० साली स्थापन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तेथे गंगाधर संजयन यांच्या गटाने नैसर्गिक आणि कृत्रिम अमिनो आम्ले आलटूनपालटून गुंफून साखळीला हमखास वळण देणाऱ्या रचना तयार केल्या. अँथ्रानिलिक आम्ल आणि प्रोलीन ही जोडी साखळीला कशी माघारी वळविते, हे त्यांचे काम या क्षेत्रातील जाणकारांच्या परिचयाचे आहे. त्याच प्रयोगशाळेतील कृष्णराजनगर गणेश यांनी प्रथिनाचा कणा आणि जनुकद्रव्याची अक्षरे यांचा संकर असलेल्या रेणूंवर दीर्घकाळ संशोधन केले. २००६ मध्ये पुण्यात भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजेच आयसर, स्थापन झाली तिचे संस्थापक संचालक तेच. आयसरमध्ये बलराम यांच्यासह काम केलेले होसाहुद्य गोपी यांनी गॅमा अमिनो आम्लांच्या साखळ्यांच्या घड्या उकलल्या. रामचंद्रन, बलराम आणि त्यांच्यानंतरचे हे संशोधक अशी ही परंपरा मद्रासहून बंगळुरूमार्गे पुण्यापर्यंत पोहोचली आहे.

हे काम चालते कसे? आधी साखळी एकेक दुवा जोडीत घडवायची. मग ती शुद्ध करायची. नंतर द्रावण स्थिर ठेवून स्फटिक येण्याची वाट पाहायची. कधी आठवड्याने येतो, कधी महिन्याने, कधी येतच नाही. आला, की त्यावर क्ष-किरण सोडून एकेका अणूची जागा शोधायची. स्फटिक न आल्यास चुंबकीय अनुनादाने द्रावणातच रेणूचा आकार अजमावायचा. दहा साखळ्या घडवाव्यात, तेव्हा एखादी मनासारखी घडी घालते. उरलेल्या का घालत नाहीत, हे समजणे हेही शास्त्रच.

यंत्र आले, आता माणूस कशाला?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. 'हे सारे आता संगणक करतो ना?' आक्षेप निराधार नाही. २०२० साली 'अल्फाफोल्ड' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनांच्या घड्यांचा अंदाज थक्क करणाऱ्या अचूकतेने वर्तविला. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना तिने खुल्या केल्या. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना या कार्यासाठी आणि डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिने संगणकावर रचण्यासाठी मिळाले. बेकर यांच्या संस्थेत रचलेल्या, आपणहून जुळणाऱ्या प्रथिनकणांवर आधारित करोनाची लस २०२२ मध्ये दक्षिण कोरियाने मान्यही केली.

परंतु यंत्र हे शिकले कोठे? १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी स्फटिकांवरून उकललेल्या रचना एका सार्वजनिक भांडारात जमा होत आल्या. त्या शिदोरीवर यंत्राची बुद्धी पोसली. ती शिदोरी मुख्यतः निसर्गाच्या वीस अक्षरांची आहे. नव्या, कृत्रिम अक्षरांच्या साखळ्यांची नोंद त्या मानाने अगदीच थोडी. तेथे यंत्र चाचपडते. ती नोंद वाढवायची तर कुणीतरी हाताने साखळी घडवून स्फटिकाची वाट पाहिलीच पाहिजे. यंत्र आल्याने या मुलीचे काम संपलेले नाही, त्याची गरज वाढली आहे. १९९१ मध्ये पुण्याच्या 'सी-डॅक'ने 'परम ८०००' हा महासंगणक उभा करून दाखविला होता. आज आयसरमध्येच 'परम ब्रह्म' आहे. हात आणि यंत्र दोन्ही आपल्याजवळ आहेत. दोघांना एकत्र जुंपणारी माणसे हवीत.

अडसाली लावणाऱ्यांना सांगणे

बारामती–इंदापूरच्या शेतकऱ्याला धीर शिकवावा लागत नाही. आडसाली ऊस आषाढ–श्रावणात लावला की दीड वर्षाने तोडीला येतो. तोपर्यंत पाणी, खत, भांगलण सारे मुकाट्याने चालू असते. त्याच्या शिवारातील 'को ८६०३२' या वाणाच्या नावातले पहिले दोन आकडे १९८६ हे वर्ष सांगतात. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत निवडलेला हा वाण 'नीरा' या नावाने महाराष्ट्राच्या शेतात शिफारशीने पोहोचला तो १९९०च्या दशकात. त्या मधल्या वर्षांत 'उपयोग काय?' असे विचारून कुणी संशोधकांना घरी बसविले असते, तर आजचा साखरपट्टा कसा दिसला असता? इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरकडे पाहा. साखर कारखान्याच्या निमित्ताने माळरानावर वसलेल्या या गावातील उद्योगाने पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग घडविले. उसाच्या रसापासून अवकाशापर्यंतची ही वाटचाल एका हंगामात झालेली नाही.

तेव्हा काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली, पालकांसाठी. संशोधन म्हणजे शिक्षण लांबविणे नव्हे, ते काम आहे. राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे. ती वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ती दूर करणे शासनाचे कर्तव्य आहे. संशोधन करणाऱ्या मुलीच्या विवाहाची घाई पाच वर्षे थोपविणे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. मुलग्याला स्पर्धा परीक्षांसाठी पाच-सहा वर्षे सदाशिव पेठेत ठेवणारे घर मुलीच्या संशोधनाची वर्षे मोजू लागते, तेव्हा अडचण पैशाची नसते.

दुसरी, संस्थांसाठी. या परिसराने सहकारातून कारखाने, दूध संघ आणि महाविद्यालये उभी केली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून विज्ञानाचे शिक्षण देत आले आहे. माळेगावला २००९ पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. दुष्काळ आणि उष्णता यांनी पिकावर येणारा ताण हा तिचा विषय. वाढत्या उष्म्याने पिकातील प्रथिनांच्या घड्या उलगडू लागतात आणि त्या सावरायला वनस्पती मदतनीस प्रथिने धाडते. घडीचे शास्त्र जिरायती गावांच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले आहे ते असे. कारखान्यांनी आणि दानशूरांनी कमानी आणि सभागृहांबरोबरच मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीत पुण्याच्या प्रयोगशाळांत राहता येईल एवढी व्यवस्था केली, तरी मोठे काम होईल.

तिसरी, शासनासाठी. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१ ची आकडेवारी सांगते. खासगी उद्योगांचा त्यातला वाटा तोकडा आहे. दुसऱ्याने रचलेले रेणू स्वस्तात बनविण्यात आपण जगाला औषधे पुरवली, हे भूषणावह आहेच. पण रेणू रचणारे आपण कधी होणार, हा प्रश्न औषध उद्योगाने स्वतःला विचारायला हवा.

पॅनचे काम

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातील संशोधन संस्था सर्वसामान्यांना आत येऊ देतात. मी त्या गृहस्थांना घेऊन गेलो. एका प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दाखविला, साखरेच्या दाण्याहून कितीतरी लहान. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिले. मग जाणकारीने विचारले, "दाणा धरायला किती दिवस लागले?" विद्यार्थी म्हणाला, "तीन आठवडे. त्याआधी चार वेळा धरलाच नाही."

पॅनमनचे उभे आयुष्य उकळत्या पाकावर नजर ठेवण्यात जाते. पाक किती घट्ट झाला, दाणा कधी धरेल, बारीक चुरा तर पडत नाही ना, हे त्याच्या डोळ्यांना कळते. घाई केली तर दाणा बिघडतो, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. परतताना हडपसर मागे पडेपर्यंत गृहस्थ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हे पॅनचंच काम की, दादा. फक्त पाक निराळा."

मुलगी प्रवेशपरीक्षेच्या तयारीला लागली आहे. प्रवेश मिळेल की नाही, मिळाल्यावर तिची साखळी हवी तशी घडी घालेल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. कुरकुंभच्या कंपनीला नकार कळविण्याचे पत्र मात्र वडिलांनी स्वतः टपालात टाकले.